शिकवणीला आधी मी बसतो

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (राग आहे म्हणून नमस्कारात काटछाट करणाऱ्यांतला मी नव्हे.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा बसलेला घसा सुटला का? सुटला असेल तर त्यांचं अभिनंदन, नसेल तर तुझं. आम्ही इकडे सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय, आणि त्याला कारण तू आहेस. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर माझी दोन वाक्यं होत नाहीत तोच तू 'आधी एक खोल श्वास घे' म्हणतेस आणि मी फोन आपटतो. मागचा फोन त्यातच गेला. पत्रात मध्येच कोणी श्वास घ्यायला सांगत नाही, म्हणून पत्र.

तर टिल्ली (तुझी भाची, आता माझ्यापेक्षा बोटभर उंच आहे, तरी टिल्लीच) सहामाही परीक्षेत मानसशास्त्रात नापास झाली. हा विषय तिच्या डोक्यात कोणी भरवला? तू. वाढदिवसाला मुलींना कपडे देतात, पर्स देतात, तू उशीएवढं जाडं पुस्तक दिलंस आणि वर आत लिहिलंस, 'माझ्या वाटेने येणाऱ्या मुलीला'. मी तेव्हाच ओरडून सांगितलं होतं की हिशेबाचा विषय घे, तो कुठेही उपयोगी पडतो. ऐकेल तर शपथ! बरं, निकालाच्या दिवशी मी मारलं नाही, ओरडलो नाही. फक्त 'मी सांगितलं होतं' एवढंच म्हणालो. बापाने तेवढंही म्हणू नये? तेव्हापासून तिने माझ्याशी बोलणंच टाकलं. जे काय असेल ते आईमार्फत. 'आई, बाबांना सांग की त्यांनी माझ्या चपला घातल्यात.' अगं, मी समोर उभा आहे! त्याच चपलांत उभा आहे! आणि तुझी भावजय माझ्याकडे वळून शांतपणे म्हणते, 'ती म्हणतेय तुम्ही तिच्या चपला घातल्यात.' या घरात माझा कान बंद पडलाय अशी काहीतरी यांची समजूत झालेली दिसते.

आता नापास का झाली, तर शाळेने विषय ठेवला आणि शिकवायला माणूस ठेवला नाही. असलेल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी कोणीच नाही. मी मुख्याध्यापिकांकडे गेलो. त्या म्हणाल्या, या वयात मुलांनी आपलं आपण शिकावं. मग म्हटलं, तुमच्या शाळेची लिफ्ट अडकेल तेव्हा मलाही बोलावू नका, लिफ्टला म्हणावं आपलं आपण सुट. त्यावर त्यांनी शिपायाला हाक मारली. वार्षिक परीक्षेत पुन्हा आपटली तर विषय जाईल, वर्ष जाईल, आणि तुझ्यासारखं व्हायचं म्हणून जे काही तिने मनात धरलंय तेही जाईल. (तुझ्यासारखं होण्यात काय ठेवलंय हा प्रश्न वेगळा.) म्हणून मी शिकवणी शोधायला निघालो.

माझ्या धंद्यातला नियम तुला माहीत आहे. लिफ्ट दुरुस्त केली की आधी मी एकटा बसतो, वरपर्यंत जातो, खाली येतो, दार दोनदा उघडून बघतो, आणि मगच दुसऱ्याला पाय ठेवू देतो. आजवर माझ्या लिफ्टमध्ये कोणी अडकलं नाही ते याचमुळे. तोच नियम मी इथे लावला. शिकवणीला आधी मी बसणार, मग टिल्ली. हे ऐकून तुझी भावजय इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. त्यात हसण्यासारखं काय होतं हे मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या बाई इतक्या हळू बोलायच्या की मी खुर्ची पुढे ओढत ओढत शेवटी त्यांच्या टेबलाला पोट टेकवून बसलो. खोलीत काचेच्या पेटीत मासे होते, ते त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलत असावेत. मी सरळ विचारलं, परीक्षेला काय येतं? त्या म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं, काय येत असेल? मी म्हटलं, ते ठाऊक असतं तर इथे कशाला आलो असतो? तर म्हणतात, हं, कशाला आला असाल बरं? ताई, उद्या मला कोणी लिफ्टला काय झालंय विचारलं आणि मी 'तुम्हाला काय झाल्यासारखं वाटतं' असं म्हणालो, तर लोक मला जिन्यावरून ढकलून देतील, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे अडवायलाही कोणी वर येणार नाही. कुत्रा आणि घंटा एवढंच त्यांनी शिकवलं. घंटा वाजवून खाऊ द्यायचा, मग पुढे नुसत्या घंटेने लाळ गळते. यात शोध कसला? कुत्रा हावरट होता.

मग एक क्लास पाहिला. पाटीवर सगळे विषय, मानसशास्त्र अगदी शेवटी, नंतर सुचल्यासारखं. मालक म्हणाला, मानसशास्त्र आमचे भूगोलाचे सरच घेतात, सोपं असतं, नकाशे नसतात. मी मागच्या बाकावर बसलो. (गुडघे बाकात अडकले, ते सोडवायला दोन मुलं लागली.) सर अंगठा ओला करून गाईडची पानं उलटत होते आणि वाचून दाखवत होते. नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा, लिहून घ्या. मी हात वर करून विचारलं, मग शिक्षेला शिक्षाच का म्हणत नाहीत? ते म्हणाले, हे परीक्षेला येत नाही. मी म्हटलं, मला परीक्षा द्यायचीच नाहीये. तर मला वर्गाबाहेर उभं केलं! या वयात! तेवढ्यात त्या इमारतीचा वॉचमन आला आणि बरं झालं तुम्ही भेटलात, लिफ्टचं दार खडखडतंय म्हणाला. रागाच्या भरात मी ते दुरुस्तही करून दिलं.

तिसऱ्या ठिकाणच्या बाईंचं मात्र तू कोणाला सांगू नकोस. दारावर मानसशास्त्रज्ञ अशी पाटी, आत पडदे, मऊ खुर्च्या, पाण्याचा ग्लास. बाहेरच्या मुलीने विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, मुलीसाठी, पण आधी मी बसतो. ती म्हणाली, फार चांगलं केलंत, सगळे बाप एवढं मनावर घेत नाहीत. मी खूश. बाईंनी विचारलं, राग कधीपासून येतो? मला वाटलं, भावनांच्या धड्यावर तोंडी परीक्षा चाललीय, म्हणून मी पूर्ण वाक्यांत उत्तरं दिली. घरात कोण कोणाशी बोलत नाही, हे विचारलं. मी उदाहरणासकट सांगितलं, चपलांचंही. त्या मान हलवत होत्या, लिहीत होत्या, एकदाही मध्ये तोडलं नाही. मला वाटलं, शिक्षक असावा तर असा! शेवटी म्हणाल्या, पुढच्या वेळी मुलीला आणि पत्नीलाही आणा. एका शिकवणीत तिघं! मी उड्या मारत घरी आलो आणि बाईंनी दिलेली चिठ्ठी तुझ्या भावजयीपुढे ठेवली. तिने वाचली. मग ती पुन्हा भिंतीला टेकली. ताई, त्या शिकवणीच्या बाई नव्हत्याच. मी पेशंट होतो! आणि चिठ्ठीत औषध काय, तर रोज सकाळी खोल श्वास. तू त्यांना ओळखतेस का? खरं सांग.

आता घरचा तमाशा ऐक. मी रोज जेवताना जे काय शिकून आलो ते तुझ्या भावजयीला सांगतो. (ऐकणारं दुसरं आहे कोण?) त्या दिवशी मी म्हणालो, नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा. टिल्ली ताटातून वर न बघता म्हणाली, आई, बाबांना सांग, चूक आहे. मी म्हटलं, तिला सांग, सरांनी लिहून दिलंय. ती म्हणाली, त्यांना सांग, सर गाढव आहेत. मी म्हटलं, तिला सांग, मोठ्यांबद्दल असं बोलू नये, पण आहेत. असं बराच वेळ चाललं आणि मग तुझी भावजय ताट घेऊन उठली. मी काय पोस्टाची पेटी आहे का, म्हणाली, आणि बाल्कनीत जाऊन जेवली, दार लावून. झालं! मध्ये सांगायला कोणी उरलंच नाही. कन्यारत्न सरळ माझ्या अंगावर ओरडलं. बाबा, लिफ्टमध्ये जास्त माणसं चढली की भोंगा वाजतो ना? एकजण उतरला की थांबतो ना? तो थांबावा म्हणून माणूस उतरतो, हे नकारात्मक प्रबलन! शिक्षा कुठे आली यात? मी म्हटलं, उतरावं लागलं ही शिक्षा नाही का? मला तर वर्गातून उतरवलं होतं! ती हसली आणि पुन्हा ओरडायला लागली. तेव्हापासून रोज हेच. मी तोंड उघडलं की चूक, बाबा, साफ चूक. कुत्र्यापासून मेंदूपर्यंत बापाच्या चुका काढते! एवढं येतं तर नापास कशी झाली, हे मला कोणी समजावून सांगेल का?

असो. हात दुखला. इथे शिकवणी नाही, शिस्त नाही आणि माझ्या शब्दाला किंमत नाही. भावोजींना नमस्कार.

तुझा (अजून रागावलेला)
धाकटा

ता. क. तुझं सामान बांध आणि परीक्षा होईपर्यंत इथे येऊन टिल्लीला शिकव. मागे तुझ्या विषयाची सावलीसुद्धा माझ्या घरावर नको असं मी म्हणालो होतो, ते सावलीबद्दल होतं, तू स्वतः ये. आतली खोली रिकामी केली आहे. आमच्या इमारतीची लिफ्ट कित्येक दिवस बंद होती (लोकांच्या करता करता घरची राहिली), पण तुझ्या गुडघ्याला जिना नको म्हणून ती परवा दुरुस्त केली. आधी मी बसून बघितलं. ही विनंती आहे असं मुळीच समजू नकोस.

आणखी एक ता. क. आत्या, मी टिल्ली. पत्र पेटीत टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलं. (माझ्याच हातात दिलं, आईमार्फत नाही.) पाकीट चिकटवायला विसरले, म्हणून वाचलं. आत्या, पाया पडते, परीक्षा होईपर्यंत येऊ नकोस. बाबा हल्ली माझं पुस्तक कामावर नेतात, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत बसून वाचतात आणि घरी येऊन इतकं चुकीचं सांगतात की बरोबर काय ते मला शोधून काढावंच लागतं. परवाच्या चाचणीत मी चांगली पास झाले. त्यांना अजून सांगितलेलं नाही, कळलं तर वाचायचं सोडतील. तू आलीस तर सगळं नीट शिकवशील, आणि मग मला बाबांशी भांडायला काही उरणार नाही. गुडघ्याचं निमित्त सांग. लिफ्ट छान झाली म्हणून मात्र त्यांना नक्की कळव, कालपासून ते सारखे तिच्यातून वर-खाली करतायत.