नेवऱ्याचा चाफा

ब्रिस्टल, मंगळवार, १७ ऑक्टोबर २००६

आज कॅन्टीनमध्ये पिएरने फोटो दाखवला. पिएर क्लामार, आमच्या टीममधला फ्रेंच इंजिनियर. क्लामार हे पॅरिसजवळचं उपनगर. तिथं त्याचं कुणीच नाही, तरी वडिलांना घेऊन मुद्दाम गेला आणि गावाच्या पाटीखाली दोघं उभे राहिले.

"आमच्यातही असंच असतं," मी म्हटलं. "आम्ही नेवरेकर, म्हणजे मूळ नेवऱ्याचे." तिथंच थांबायचं ना! पण नाही. तिथल्या आमच्या दारातला सोनचाफा सांगितला, बाबा नेहमी सांगतात तो. वर, लहानपणी मी त्याच्याखाली खेळायचे, असंही ठोकून दिलं. नेवरं मी पाहिलेलंसुद्धा नाही! पिएर म्हणाला, डिसेंबरमध्ये भारतात जाशील तेव्हा त्या झाडाचा फोटो आण.

घरी आल्या आल्या पुण्याला फोन लावला. "बाबा, नेवऱ्यात आपलं घर नेमकं कुठंय?"

आधी, जेवलीस का, विचारलं. मग म्हणाले, "अगं, मी तरी कुठे गेलोय? कुणी विचारलं की चाफा सांगायचो."

पिएरला काय, उद्या खरं सांगून टाकीन. पण बाबांचा तो पडलेला आवाज... कशाला विचारलं मी? माझी लाज झाकायला त्यांना उघडं पाडलं.

फोन ठेवताना हळूच म्हणाले, "आईला सांगू नकोस."