सुरळीवरची रेघ

सोम., २ जुलै १९५६
माडाच्या शेंड्यातून भुसा पडतोय. ओला, चघळून थुंकल्यासारखा. मामंजींनी चिमटीत घेऊन वास घेतला नि पायरीवरच बसले. भुंगा लागलाय.
जेवताना एवढंच म्हणाले, "मीठ घालुक दिलंस नाय."
खरंय. मे महिन्यात ते पानांच्या बेचक्यांत मीठ-वाळू भरायला निघाले होते. मीच हसले. म्हटलं, मिठाने झाड मरतं मामंजी, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते मी. निमूट पिशवी ठेवून दिली त्यांनी.

मंगळ., ३
सासूबाई मी पाहिल्या नाहीत. त्या मालवणात वारल्या, तेव्हा त्यांच्या परसातला एक रुजलेला नारळ मामंजींनी बोटीतून मांडीवर घेऊन इथं बोरीवलीला आणला. सात वर्षं झाली. मिल सुटल्यापासून दिवसभर त्यांचं त्या माडाशीच.
आंब्याचा शेंडा मोडला तर बगलेतले डोळे फुटतात. माडाला ती सोय नाही. नवं पान, नवी पोय म्हणजे फुलोरा, सगळं शेंड्यातल्या एका मऊ गाभ्यातून. वर्गात मी हे इंग्रजीतून झरझर सांगते. मामंजी आज म्हणाले, "ह्येचो कोंब एकच. तो गेलो काय माड गेलो." माझ्याकडे न बघता.

बुध., ४
हे म्हणाले, "रविवारी माणूस आणून कापून टाकू. रोज बघून बाबांना त्रास."
मी म्हटलं, थांबा.
कॉलेजातून आल्यावर शिडी लावली. मामंजींना चढवत नाही, ह्यांना उंचावर चक्कर येते. पदर खोचून मीच. शेजारणी कठड्याशी जमल्या, जमू देत. मामंजींनी छत्रीची काडी वाकवून आकडा करून दिला नि खालून सांगत राहिले. "डावेक. आजून खोल. हळू गो, कोंबाक लागात!"
वीतभर खोल भोक. तिसऱ्या खेपेला भुंगा आला. काळा, अंगठ्याएवढा, नाकावर शिंग. पाय हलत होते.
मग खाली हात केला नि म्हटलं, ती पिशवी द्या. दिली. बेचक्यांत मीठ-वाळू भरली. माफी मागायची होती, शिडीवरून जमलं नाही. उतरल्यावरही नाही.

गुरु., ५
प्रॅक्टिकल. मुलींनी वालाच्या कोवळ्या मुळांवर शाईने सारख्या अंतरावर रेघा काढल्या होत्या, त्या आज मोजल्या. टोकाजवळच्या फाकलेल्या, मागच्या जिथल्या तिथं. दरवर्षी तेच. पण आज सांगता सांगता माड आठवला.
माडाचं मिटलेलं पान, ती शेंड्यातली सुरळी, बुडातून वर येतं. म्हणजे गाभा जिवंत असेल तर सुरळी वर सरकणारच. शेजारचं उघडलेलं पान मात्र आता वाढायचं नाही.
घरी येऊन सुरळी फडक्याने कोरडी केली. ह्यांच्या सायकलचा लाल रंग. एक रेघ सुरळीवर, एक शेजारच्या देठावर, अगदी समोरासमोर. मामंजींना समजावलं. "बघूया," म्हणाले.

शुक्र., ६
समोरासमोरच.

शनि., ७
सरकली? की मला तसं दिसायला हवंय म्हणून? कुणाला बोलले नाही. मामंजींनी चहा निम्मा ठेवला.

रवि., ८
दोन बोटं! बोटं लावून पाहिली, मग पट्टीने, मग पुन्हा बोटं. शिडीवरूनच ओरडले.
"सरकली? खरांच?"
"खरंच मामंजी. वर सरकली. आतून जिवंत आहे."
त्यांनी शिडी धरली होती, ती एकदम हलायला लागली. मी उतरले तर ते डोळे पुसत होते. मग माझ्याही तोंडून निघालं, "चुकलं माझं. मिठाचं."
"माका तरी खय म्हायत, मीठ कित्या घालतत ता," म्हणाले. "बापूस घाली, म्हणून मी."
हे आतून, "मग त्या माड कापणाऱ्या माणसाला नको सांगू ना?" दोघंही हसलो. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले मी. हुश्श.

रवि., २९
पान उघडलं. दोन्ही बाजूंनी तिरकं कातरलेलं, कात्री चालवल्यासारखं. भुंग्याने कोवळेपणी मिटल्या पानातच कुरतडलं ते. दिसायला अगदीच ध्यान. मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवतात.

रवि., १२ ऑगस्ट
पुढची सुरळी वर आली आहे, हातभर. हीही कातरलेली निघते की अखंड, उघडल्याशिवाय कळायचं नाही.
मामंजी परवा विचारत होते, "तुज्या त्या दुर्बिणीत कोंबाच्या आतला दिसता काय गो?"
म्हटलं, मायक्रोस्कोपखाली माडाचा नाही दाखवता यायचा, त्यासाठी माडच कापावा लागेल. पण कांद्याच्या मुळाचं टोक दाखवते. एका पेशीच्या दोन होताना.
"दोन होताना? आमका दिसतली?"
कॉलेजात विभागप्रमुखांना विचारलंय. बाहेरच्या माणसाला प्रयोगशाळेत आणायचं म्हणजे... बघतो म्हणालेत. अजून 'हो' नाही, 'नाही'ही नाही.
मामंजींनी मात्र ठेवणीतला कोट काढून उन्हात टाकलाय.