हंसासाठी अडवलेलं पाणी

साकोली, ऑक्टोबर १९७८, रात्र

तलावाकाठच्या नव्या बागेतल्या बाकाला आज रंग दिला, पण पाटी लावली नाही. माझ्या पांढऱ्या पायजम्यावर हिरवे पट्टे! मानवजातीवर याहून घोर अन्याय झाला नसेल, असं ठरवतच होतो, तेवढ्यात एकोडीचे शेतकरी कुऱ्हाडी घेऊन आले.

पाहुण्यांची हंसाच्या आकाराची नाव तरंगावी म्हणून बागवाल्यांनी शेतांना पाणी सोडायचं दार, तुडूमच, बंद केलं होतं. खाली लोंबीवर आलेला धान वाळत होता.

"आमच्या धानाले पाणी नाई, अन् तुमचा हंस पोहून राहिला!" म्हणत पाणी वाटणारा पाणकर दशरथ तुडूम उघडायला उतरला. चौकीदारानं काठी हाणली. मग कुऱ्हाडी चालल्या. हंसाची मान तुटली, चौकीदाराचे दात पडले. मी मधे पडलो. कायले पडलो, कोण जाणे! माझ्या डोक्यावर येणारी काठी दशरथनं हातावर घेतली. हाड मोडल्याचा तो आवाज. जेवतानाही तोच आवाज. तुडूम मात्र त्यानं दुसऱ्या हातानं उघडलंच.

पोलीस जमादारानं विचारलं, "गुरुजी, तुडूम कोनं उघडलं? तुमी तं तिथंच होते."

"चष्मा फुटला ना साहेब, काई दिसलं नाई."

तोच फुटलेला चष्मा लावून हे लिहितो आहे. दशरथच्या हाताची याहून जास्त फेड मला जमली नाही.