हिरवी वायर

प्रिय उत्कर्ष,

व्हय, म्याच कापले. तुझ्या त्या पिनबॉल मशिनचा प्लग बी आणि सबवूफरच्या डब्याचा बी. दोन्ही पिशवीत घातले आणि रविवारी पाचच्या एसटीनं तामलवाडीला घेऊन आले. त्यासाठी फोन स्पीकरवर टाकून, सासू-सासऱ्यांच्या देखत मला झापायची काय गरज होती? काय म्हणलास, आईला पप्पांचं कौतुक बघवलं न्हाय, आई जळती. जळती की. खोटं काय हाय त्यात? तुला ताप आला की फोन मला, आणि घरात फ्रिज घ्यायचा की सल्ला पप्पांचा. दिवाळीला माझ्याकडं एक रात्र, तिकडं चार. तुझी लेक सृष्टी बी हर्षालीच्या आईला नुसती आजी म्हणती आणि मला तामलवाडीची आजी. मलाच गावाचं शेपूट कशाला? आणि सख्ख्या बापाला तू बाबा म्हणायचास, सासऱ्याला पप्पा. मला वाटलं होतं निदान मामा म्हणशील.

आता त्या मशिनचं. हैदराबादला कुठं खेळाचं दुकान बंद पडलं आणि तू ते धूड टेम्पोत घालून धाराशिवला आणलंस. लोखंडी पाय, वर काच, दांडा वढून सोडला की आत स्टीलची गोळी धावती, दिवे लागतात. हौस हाय तुझी, माझं काय जात न्हाय. त्याला वर तो डबा जोडलास, गोळी आपटली की छातीत धडाम् व्हावं म्हणून. धडाम् ऱ्हायलं बाजूला, चोवीस तास हूऽऽऽ सुरू. पंचाक्षरी व्याह्यांनी चार संध्याकाळी त्यात घातल्या. वायर बदलली, डबा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेला, चष्मा नाकावर आणून मोबाईलवर बघत बसले. तू आपला टॉर्च धरून उभा, देवापुढं उभं ऱ्हावं तसा.

रविवारी जेवून तुम्ही सगळे लवंडलात, तवा मी एकटीनं बघितलं. डबा एकटा चालू केला, गप्प. आवाजाची वायर मशिनला जोडली, की हूऽऽऽ. मंजी डबा बी चांगला, मशिन बी चांगलं. एक हॉलच्या बोर्डात, दुसरं बेडरूमच्या बोर्डात, दोन्हीकडचं अर्थिंग निराळं, ते मधल्या बारक्या वायरीतून गुरगुरतंय. स्वयंपाकघरातला लांब बोर्ड आणला, दोन्ही प्लग त्याच्यात घातले. गुरगुर बंद. हिथं तिसरी शिकलेल्या बाईनं घटकाभरात काढलं ते. तुम्ही उठल्यावर सांगायला आले, की दोन्ही एकाच बोर्डात लावा. तू काय म्हणलास? आई, तू बस ना, हे काय लग्नातलं भोंगं हाय व्हय? व्याही हसले. हर्षालीनं माझ्या हातात चहाचा ट्रे दिला. त्या भोंग्यावर मोठा झालास रे तू. तुझ्या बाबांच्या संगं म्या बारा वर्षं वायरी वढल्यात, येरमाळ्याच्या जत्रेत आवाज आमचा असायचा.

मग व्याह्यांनी लांब बोर्ड बाजूला सारला, वाईट दिसतो म्हणून, आणि प्लग परत आपापल्या जागी लावले, की हूऽऽऽ परत सुरू. मग दोन्ही प्लग खोलले आणि आतली अर्थिंगची हिरवी वायर, लोखंडात उतरलेला करंट जमिनीत नेणारी, कात्रीनं उडवली. हूऽऽऽ थांबलं. टाळ्या पडल्या. तू त्यांच्या तोंडात पेढा घातलास. आणि सृष्टी अनवाणी पाटावर चढून, दोन्ही हात त्या लोखंडी कडांना धरून खेळायला लागली. तिला भूक लागली असंल म्हणत मी तिला खाली उतरवलं, ती रडली तरी, आणि तुम्ही व्याह्यांना सोडायला खाली गेलात तवा कात्री घेतली. तोंडानं का न्हाय सांगितलं, ते आता लिहिते. फोनवर हे मला बोलवणार न्हाय, म्हणून पत्र.

तू आठ वर्षांचा होतास. सोनारीजवळ लग्न होतं. आमचा सेट असाच गुरगुरत होता. वरातीतल्या बायका हसायला लागल्या, की भीमाशंकरनं स्पीकर आणला का पिठाची गिरणी? आदल्या हप्त्यात दुसऱ्या एकाचा सेट लई साफ वाजला होता, त्याचीच वाहवा चालली होती. मला ते सहन झालं न्हाय. तुझे बाबा झाडावर कर्णा बांधत होते. म्या ॲम्प्लिफायरची हिरवी वायर वढून काढली. आवाज साफ झाला, बायका वा म्हणल्या. मी फुशारले, आणि त्यांना सांगितलं न्हाय. धूळ बसावी म्हणून मांडवात पाणी मारलं होतं. ते अनवाणी आले, ॲम्प्लिफायरच्या पेटीला हात लावला, आणि तो हात सुटलाच न्हाय. लोक म्हणाले भीमाशंकरनं हलगर्जी केली. मी मान हलवली. तू बी मोठा होताना म्हणायचास, बाबांनी वायरी नीट बघितल्या असत्या तर. मी भाकरी थापत ऱ्हायले. वीस वर्षं मेलेल्या माणसाच्या माथी मारलं, रे.

येत्या रविवारी व्याही नवे प्लग बसवायला येणार हायेत, हर्षालीनं सांगितलं. बसवू देऊ नकोस. चांगला वायरमन बोलाव. तीन पिनांचे प्लग, हिरवी वायर स्क्रूखाली घट्ट, दोन्ही एकाच बोर्डात. तरी गुरगुरलं तर आवाजाच्या वायरीत घालायची बारकी डबी मिळती, ती लावायची, पण हिरवीला हात लावायचा न्हाय. हे करतोस का, ते कळव. आणि सगळं वाचून मला आई म्हणणार का न्हाय, ते बी कळव. मला शनिवारच्या आत दोन्ही उत्तरं पाहिजेत.

तुझीच,
आई मल्लम्मा