फुटक्या मॅनिफोल्डची शेवटची खेप

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

मी, शकुंतला कमळाकर मोकल, वय सहासष्ट, जुन्या अकरावीची मॅट्रिक, काम घरकाम, राहणार कासू, तालुका पेण, जिल्हा रायगड, देवाला स्मरून माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. गुडघे सोडले तर प्रकृती बरी आहे. डोके शाबूत आहे. कालच वाण्याच्या बेरजेतली चूक मी काढून दिली. कोणाचा दबाव नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व मागची वाडी मुलगा जितेश आणि मुलगी मनस्वी यांना निम्मी निम्मी. मनस्वी रोह्याला दिली, तिचे लग्नात झाले, असे कोणी म्हणू नये. लग्न झाले, वाटणी झाली नव्हती.

२. पोस्टातली ठेवही दोघांत सारखी. घरचा गणपती शाडूचाच आणावा आणि दीड दिवसाचाच ठेवावा. देखाव्याला खर्च नको.

३. माझा पितळी हंडा जाऊबाई विमलबाईंना. वाटणीच्या वेळी त्यांनी तो मागितला होता, मी दिला नाही. ह्यांचा ट्रक वडखळच्या बाजूने फटफटत येऊ लागला की त्या ओटीवरून ओरडत, "शकू, ऊठ गो, तुझी वरात आली!" सगळी आळी हसायची. माझ्या अंगाची लाही व्हायची. आता तेच ओरडणे ऐकावेसे वाटते. हंडा त्यांनाच द्यावा.

४. ट्रक. तो ह्यांच्या मागे माझ्या नावावर झाला. पेणहून गणपतीच्या मूर्ती पेंढ्यात बसवून हे रोह्याला नेत, एरवी भात आणि विटा. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा बिडाचा भाग, मॅनिफोल्ड म्हणतात तो, मधोमध चिरला होता. जगन मेकॅनिकने किती वेळा वेल्डिंग मारले! दर वेळी म्हणे, "काकी, आता जन्मात फुटणार नाय." पुढच्या पौर्णिमेच्या आत पुन्हा फटफट सुरू.

एका वर्षी विसर्जनानंतर गणपतीच्या पाटावरून आणलेली नदीची माती मी कोठीत टाकण्याऐवजी त्या चिरेवर लिंपली. देवाची माती, धरेल असे खरोखर वाटले होते. हे बघतच राहिले. "बाप्पाला भट्टीत बसवलास काय गो?"

मी म्हटले, "तुमच्या जगनपेक्षा बरा टिकेल."

नागोठण्याच्या आत माती सुकून गळून पडली. पण पुढल्या वर्षापासून हे स्वतःच पाट घेऊन ट्रकापाशी येऊन उभे राहत. माती पडणार हे दोघांनाही ठाऊक, तरी दरवर्षी लावायची.

हे गेल्यावर जितेश ट्रक चालवू लागला. केबिनमध्ये धूर शिरून त्याचे डोके धरायचे, म्हणून त्याने नवा मॅनिफोल्ड बसवला. बरोबरच केले, त्याला बोल लावू नये. पण त्या संध्याकाळी ट्रक अंगणात येऊन उभा राहिला आणि मी आत तांदूळ निवडतच बसले होते. कोणी आल्याचे मला कळलेच नाही.

आता जितेश म्हणतो, गाडी भंगारात देऊ, मी सही करत नाही. तर माझ्या मागे ट्रक त्याचा. खुशाल भंगारात द्यावा. त्याआधी फक्त एक खेप करावी.

जुना मॅनिफोल्ड तांदळाच्या कोठीमागे गोणपाटात आहे. जगनने तो बसवावा. बोल्ट गंजले असतील, आधी तेल सोडून ठेवावे. शेजारच्या डब्यातली विसर्जनाची माती चिरेवर लिंपावी. माझ्या अस्थी रोह्याला कुंडलिकेत सोडाव्यात आणि त्याच ट्रकाने परत यावे. काचा खाली ठेवाव्यात, धूर बाधतो. माती वाटेत पडेल, ती शोधायला थांबू नये.

जगन म्हणाला, "काकी, आताच लावून देतो की, ऐका एकदा." मी नको म्हटले. आवाज आला आणि हे आले नाहीत, तर मला सोसणार नाही.

५. मनस्वीने त्या दिवशी अस्थींबरोबर रोह्याला जाऊ नये. इथे कासूच्या घरातच, दार लोटून बसावे. मी दार उघडेपर्यंत हे इंजिन बंद करत नसत, कितीही दमलेले असोत. जितेशनेही करू नये. आवाज अंगणात आला की मनस्वीने उठून दार उघडावे. मग इंजिन बंद करावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. जगनला यातून काम सोडून काही मिळणार नाही, म्हणून तो साक्षीला चालतो.

सही: शकुंतला कमळाकर मोकल

साक्षीदार:
१. जगन हिरू पाटील, मेकॅनिक, कासू
२. सखा धर्मा ठाकूर, शेती, निडी

ठिकाण: कासू, ता. पेण
दिनांक: १२ जानेवारी २०२५