पुढच्या सीटचं माप

ती. मामांना भाच्याचा नमस्कार. पूर्ण वाकूनच घातला असता, पण गेले तीन महिने लोकांच्या गाड्यांखाली डोकावून कंबर धरली आहे. तेव्हा अर्धाच पोचला तर पूर्ण समजून घ्यावा.

(वरचं 'घ्यावा' पत्राच्या मानाखातर. इथून पुढे आपलं नेहमीचं 'तू'.) तुझी तब्येत कशी आहे? मामीचा खोकला गेला का? बस चालवायचं सोडून चार वर्षं झाली तरी जेवताना तुझा डावा पाय आपोआप क्लच दाबतो असं आई सांगते, ते खरं का? ती दर रविवारी तुला फोन करते त्यामुळे तिकडच्या बातम्या कळतात. बाबांना त्या फोनचा पत्ता नाही असं घरात सगळे धरून चालतात. बाबाही तसंच धरून चालतात. फक्त फोन लागला की टीव्हीचा आवाज बंद करतात आणि मुक्या बातम्या मन लावून बघतात.

तर पत्रास कारण की आम्ही गाडी घेतो आहोत. जुनी, पेट्रोलवर चालणारी, पाच माणसांची, आणि खिशाला झेपेल अशी. (खिसे मीच शिवतो, त्यामुळे त्यांची खोली मला नीट ठाऊक आहे.) हौस म्हणून नव्हे. बाबांचा उजवा गुडघा आता काटकोनापलीकडे वाकत नाही. बसची पहिली पायरी त्यांना चढवत नाही, टॅक्सी रोजची परवडत नाही, आणि आठ महिने झाले, बाबा दुकानात आलेले नाहीत. तू त्यांना ओळखतोस. कापायच्या टेबलापाशी पन्नास वर्षं उभा राहिलेला माणूस खिडकीपाशी बसून काय करणार? आमच्याकडे सकाळच्या पेपरच्या दुपारपर्यंत कोटाच्या बाह्या होतात. मोठी कात्री त्यांनी घरी मागवून घेतली आहे आणि दिसेल त्या कागदातून ते कुणाचे ना कुणाचे कपडे कापतात. परवा विजेचं बिल सापडेना, तर ते एका कॉलरीत निघालं. हसू येतं, पण मामा, कागदाचा तो कोट घडी घालून ठेवताना मला बरं वाटत नाही. त्यांना पुन्हा त्या टेबलापाशी उभं करायचं आहे, एवढीच या गाडीची गरज.

गाडीतलं मला काय कळतं? काही नाही. म्हणून समोरच्या गॅरेजच्या मिस्त्रींना विचारलं. त्यांनी आधी विचारलं, रोज किती फिरणार? मी म्हटलं, घर ते दुकान, दुकान ते घर, आणि महिन्यातून एकदा डॉक्टर. मग पेट्रोलच घ्या, म्हणाले, आणि पुन्हा चाकाखाली गेले. बाबांनी मात्र वेगळीच सुरुवात केली. त्यांनी दुकानात द्यायची तशी मापाची चिठ्ठी लिहून दिली. बैठक जमिनीपासून साडेएकोणीस इंच, पायाला जागा सव्वीस, पाठ बावीस, वगैरे. या मापाची बघ, म्हणाले, बाकी इंजिन वगैरे असतंच सगळ्यांना. तेव्हापासून मी खिशात चिठ्ठी आणि गळ्यात टेप घालून गाड्या बघत हिंडतो आहे. लोक टायरला लाथ मारून बघतात, मी बैठकीची उंची घेतो.

आणि काय सांगू, मला या प्रकाराची चटकच लागली. वापरलेली गाडी म्हणजे अल्टरला आलेला कोट असतो, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मीटरवर आकडा अगदी थोडका, पण ब्रेकच्या पेडलवरचं रबर झिजून गुळगुळीत. कोपर विरलेला कोट 'दोनदाच घातलाय' म्हणून सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे आपण जसं बघू तसं मी त्या मालकाकडे बघितलं. डाव्या दाराच्या फटीत कापडाचा एक पदर मावला आणि उजव्या दाराच्या फटीत दोन, तर गाडी कुठेतरी ठोकून पुन्हा जोडलेली आहे, हेही मी टेपने शोधून काढलं. (मिस्त्री नुसते 'हं' म्हणाले, पण ते 'हं' कौतुकाचं होतं.) शिवाय सीट आणि पाठ यांच्या फटीत हात घालायची मला खोड लागली आहे. काय काय निघतं! केसांचे आकडे, पेनांची टोपणं, बुद्धिबळातलं प्यादं, आणि एक शिंगाचं बटण, जे चांगल्या ओव्हरकोटाशिवाय कशालाच लागत नाही. तो ओव्हरकोट आता बटणाशिवाय कुठे फिरत असेल या विचारात मी इंजिन बघायचंच विसरलो. मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ऐकतात. मीही मागून घेतला आणि ऐकलं. मामा, आत एक अख्खी मशीन शिवत असते रे! तुझी भाचेसून म्हणते, माणूस गाडी बघायला जातो आणि चौकशी करून येतो. पण मला सांग, आधीचा मालक कोण, हे कळल्याशिवाय गाडी कळते का?

पहिली गाडी अगदी चिठ्ठीबरहुकूम निघाली. बैठक साडेएकोणीस! मी हरखून गेलो. गाड्यांचा व्यापारी म्हणाला, एकहाती वापर, डॉक्टरांची गाडी. मी विचारलं, कशाचे डॉक्टर? हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा, कारण तो आधी डोळ्यांचे म्हणाला आणि चहा आल्यावर हाडांचे. सीटची कव्हरं कोरी करकरीत. आता कोरं कव्हर बघितलं की माझा हात शिवणीकडे जातो, त्याला मी काय करू? धागा उसवायची माझी छोटी कात्री खिशात असतेच. कोपऱ्यातली दोन बोटं शिवण उसवली, तर आतल्या फोमात वाळलेला गाळ. गाडी पुराच्या पाण्यात बुडून आलेली. व्यापारी माझ्यावर ओरडला की तुम्ही माझी सीट फाडलीत. मी म्हटलं, फाडली नाही, उसवली, आणि तिथेच बसून पुन्हा शिवून दिली. त्याच्यापेक्षा बारीक टाके घातले.

दुसरी एका निवृत्त हेडमास्तरांची. त्यांनी गाडी विकण्याआधी माझी तोंडी परीक्षा घेतली. टायरमध्ये हवा किती, तेल कधी बदलाल, पावसात गाडी कुठे ठेवाल? मी बहुतेक काठावर पास झालो, कारण रविवारी ते स्वतः गाडी घेऊन आमच्या फाटकाशी आले. बैठक अठरा इंच, म्हणजे चिठ्ठीपेक्षा दीड इंच कमी. आमच्या धंद्यात दीड इंच म्हणजे दोन बोटं, आणि मी म्हटलं, दोन बोटांनी काय होतंय! झालं असं की बाबा बसले ते बसलेच. गुडघा वाकेना, बूड उचलेना. मी ओढलं, आईने ढकललं, तुझ्या सुनेने पाठीमागून चादर घालून पाहिली, आमची पोरगी मदत म्हणून हॉर्न वाजवत होती. हेडमास्तर बाजूला उभे राहून सगळ्यांना एकेक सूचना देत होते. या धांदलीत बाबा शांतपणे सीटचं कव्हर न्याहाळत होते. बाहेर आल्यावर धाप लागलेली असताना पहिलं वाक्य बोलले ते, कडेचं पाइपिंग वाकडं लावलंय.

आता तुला वाटेल कव्हर, कव्हर काय लावलंय याने. मामा, राग मानू नकोस, पण ते तुला मला दोघांनाही माहीत आहे. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी तुझ्या गाडीची कव्हरं शिवली. स्वतःच्या हाताने, दुकान बंद ठेवून. पहिल्याच दिवशी आपण सगळे निघालो, बाबा पुढे तुझ्याशेजारी, मी मागे. दुसऱ्या चौकात तू सहज म्हणालास, "दाजी, कव्हर जरा सैल झालंय का हो?" बाबांनी गाडी थांबवायला सांगितली, उतरले आणि चालू लागले. तुला वाटलं काही आणायला गेले, म्हणून तू वीस मिनिटं गाडी तिथेच उभी करून वाट बघितलीस. तेव्हापासून तुमचं बोलणं नाही. तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण कटरला सैल म्हणणं म्हणजे काय, हे बसवाल्याला कसं कळावं? तुझ्या ब्रेकिंगला कुणी नावं ठेवली असती तर तूही उतरला असतास, स्टिअरिंग सोडून.

असो. तिसरी गाडी एका नर्सबाईंची. त्यांची बदली झाली आहे. स्वतःच्या आईला नेण्या-आणण्यासाठी घेतलेली, जरा उंच बांध्याची, सगळे कागद जागेवर, टायर चारी एका वेळचे. मिस्त्रींनी दहा मिनिटं ऐकलं आणि 'हं'ऐवजी चक्क 'घ्या' म्हणाले. (हे त्यांचं वर्षातलं भाषण.) नर्सबाईंनी बाबांना शिकवलं, आधी पाय घालायचा नाही, आधी पाठ करून बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. बाबा बसले. फिरले. दार लावलं. दार उघडलं, फिरले, आणि कुणाचा हात न धरता उभे राहिले! आईच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं, लपवत नाही. आणि बाबांनी खिशातून चिठ्ठीची दुसरी प्रत काढली, माझा टेप मागून घेतला, बैठक मोजली आणि म्हणाले, एकवीस आहे, माप बसत नाही.

माप बसत नाही! माणूस बसला, उठला, पुन्हा बसला, आणि माप बसत नाही. दुसरं कुणी असतं तर म्हातारपणाचा हट्ट म्हणून सोडून दिलं असतं. पण मला राहवेना. त्या दुपारी बाबा खुर्चीत डुलकी घेत होते, तेव्हा मी गुपचूप त्यांच्या पायाचं माप घेतलं. (आयुष्यात पहिल्यांदा. त्यांचे कपडे ते स्वतःच बेततात.) गुडघ्याच्या हिशोबाने बैठक हवी बरोबर एकवीस. म्हणजे चिठ्ठीतलं माप त्यांच्या पायाचं नाहीच. मग कुणाचं? बाबा मापात चुकत नाहीत आणि मनाने माप लिहीत नाहीत. मी दुकानाच्या माळ्यावर चढलो, जुन्या मापवह्या उतरवल्या आणि मागे मागे जात राहिलो. अकरा वर्षांपूर्वीच्या वहीत सापडलं. बाबांचं अक्षर: 'गाडी. पुढची सीट, ड्रायव्हरशेजारची. मेहुणा.' खाली बैठक साडेएकोणीस, पायाला जागा सव्वीस, पाठ बावीस. त्याच क्रमाने, एक इंच इकडे तिकडे नाही.

तीन महिने मी तुझी गाडी शोधत होतो, मामा. वही बघून त्यांनी चिठ्ठी लिहिली म्हणावी, तर आठ महिने ते दुकानात आलेलेच नाहीत. अकरा वर्षं ते माप त्यांच्या डोक्यात तसंच्या तसं आहे.

बाबांना मी काही बोललो नाही. वही मात्र घरी आणून टेबलावर उघडी ठेवली आहे. त्यांनी ती बघितली, बंद केली, आणि मग पुन्हा त्याच पानावर उघडून ठेवली.

मामींना नमस्कार. गाडीच्या बाबतीत तुझा सल्ला मोलाचा आहे, तेवढ्यासाठीच हे पत्र.

तुझा,
भाचा

ता. क. नर्सबाई येत्या रविवारपर्यंत थांबायला तयार आहेत. घेऊ का? तुझी गाडी विकतोस का, असं विचारायचा मोह होतो, पण वहीतल्या मापावरून हिशोब केलाय. ती बाबांच्या गुडघ्याला दोन बोटं बुटकी पडते.

ता. क. २. खरं सांगतो, सल्ला नको आहे, मिस्त्रींनी दिलाय. तू ये. कुठलीही गाडी आली तरी चालवणार कोण, हा प्रश्न तीन महिन्यांत आमच्या घरात कुणालाही पडला नव्हता. काल पोरीला पडला. मला फक्त स्कूटर येते. चार दिवस राहायला ये आणि मला शिकव. मी काय करायचं ते बाबा शेजारी बसून सांगतीलच, तेव्हा तू मध्ये असलेला बरा.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालायला टेबलावर ठेवलं होतं. परत आलो तर खाली हे लिहिलेलं. अक्षर माझं नाही, तू ओळखशील:

'कव्हर सैलच होतं. दोन बोटं जास्त कापड धरलं गेलं. आता खाली दोन बोटांची गादी घालतो, म्हणजे कव्हरही घट्ट बसेल आणि मीही. गाडी घेऊन ये.'