दाण्याला दात

५ जानेवारी
लातूरहून परत. तोंडात नवी कवळी, वर-खाली पूर्ण. डॉक्टर तनुजाबाई वयानं लहान, पण सूचना शाळामास्तरांसारख्या. मऊ खा, घास छोटे घ्या, दोन्ही बाजूंनी सारखं चावा, समोरच्या दातांनी काही तोडू नका. मान हलवली. ह्या सूचना सामान्य पेशंटला असतात. मी, भीमाशंकर, उदगीरच्या मोंढ्यातला, धान्यबाजारातला, आडत्या. तुरीचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगत आयुष्य गेलं. कट्ट वाजला की माल कोरडा. दात गेल्यापासून लोक जरा विचारीनासे झालेत, एवढंच.
संकल्प: आधी भाकरी, मग तूर. आठवड्यात फुल फॉर्मात.

६ जानेवारी, सकाळी
उपमा उत्तम गेला. फक्त मोहरीचा एक दाणा कवळीखाली जाऊन बसला. डोळ्यांतून पाणी. चूक मोहरीची. बायकोला, नागम्माला, सांगितलं, उद्यापासून फोडणी बंद. ती म्हणाली, मग तुमचं तुम्ही शिजवा.
फोडणी चालू ठेवायला परवानगी दिली.

७ जानेवारी
घास उजवीकडे नेला की कवळी डावीकडून उठते. तोंडात ट्रॅफिक पोलीस पाहिजे.
'स' म्हणताना शिट्टी वाजते. दुकानात सोयाबीनचा भाव सांगितला तर गुरुलिंग हमाल मागं वळून म्हणाला, "कोन बोलवून राह्यलंय?" थंडीमुळे असेल.

९ जानेवारी
भाकरी. कडक, काठाची. समोरच्या दातांनीच. डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडची भाकरी बघितलेली नसणार.
भाकरी तुटली नाही. वरची कवळी तिच्यात रुतून बाहेर आली. नेमकी मेहुणी मल्लम्मा निलंग्याहून आलेली. ती किंचाळली. नागम्मा "साकु!" म्हणाली, म्हणजे पुरे, आणि ताट ओढून दूधभाकरी कुस्करून दिली. संपवली. पाहुणीसमोर वाद नको.

१० जानेवारी
मुलानं, सोमेशनं, दुकानात ओलावा मोजायचं मीटर आणलं. दाणे टाकायचे, आकडा वाचायचा. त्यात अक्कल कुठं लागते? मोठ्यानं हसलो. तोंडावर हात ठेवून.

१२ जानेवारी, दुपारी
आज दाखवून दिलं! अहमदपूरकडचे शेषेराव तूर घेऊन आले. जुनं गिऱ्हाईक. सोमेश मीटर शोधेपर्यंत मी मूठभर तूर घेतली, एक दाणा दाढेखाली धरला, सगळ्यांकडे बघितलं आणि दाबला. कट्ट! गल्लीपर्यंत ऐकू गेला असेल. "कोरडा माल!" मी जाहीर केलं.
शेषेराव म्हणाले, "आण्णा, माल वला हाय. दोन दिस ऊन द्यावं लागंल. मी सोताच सांगून राह्यलो."
मी म्हणालो, शेतकऱ्यानं आपल्या मालाला कमी लेखू नये.
सोमेशनं मीटर लावलं. ओला. मीटर डिफेक्टिव्ह आहे, असं म्हणायला तोंड उघडलं, तर जिभेवर दाणा अख्खा. शेजारी दाढेचा तुकडा.
गुरुलिंगला ठसका लागला. इतरांनाही लागला.

१३ जानेवारी
लातूर. कवळी दुरुस्तीला दिली. मटेरियल कच्चं असावं, असं सुचवलं. तनुजाबाईंनी विचारलं, काय चावलंत? केळं, म्हणालो. नागम्मा सोबत होती. तिनं पूर्ण हकीकत सांगितली, आवाजासकट.

१६ जानेवारी
कवळी बसली. दुपारी भाकरी वरणात भिजवून खाल्ली. छोटे घास, दोन्ही बाजू. उठलो तेव्हा बाकीच्यांचा चहासुद्धा झाला होता.
शेषेराव वाळवलेली तूर घेऊन आले. मी सवयीनं हात पुढं केला. त्यांनी मूठ सोमेशच्या हातावर रिकामी केली. मी रस्त्याकडे बघत बसलो. मग ते माझ्या शेजारी बाकड्यावर टेकले, हळूच म्हणाले, "आण्णा, जेवन जातंय का नीट?"
हाव म्हणालो. त्यात 'स' नाही.
सोमेशनं मीटरमधले सेल बदलायचं काम माझ्याकडं दिलंय. अनुभवी माणसाशिवाय हे कुणावर सोपवता येत नाही.